मिग-२१ची प्रतिकृती : स्वहस्ते घडविलेले बारकावे

ओझरच्या कारखान्यात बांधल्या गेलेल्या मिग-२१ एफएल विमानाची १:७२ प्रमाणातील प्रतिकृती आम्ही हस्तकला वर्गात करवून घेतो. मूळ पंखविस्तार ७.१५ मीटर, प्रतिकृतीत तो जेमतेम १० सेंटीमीटर भरतो. तयार संचाने आकार साधतो, परंतु वैमानिकाचा कक्ष ओकाबोका राहतो. खरे काम तेथून सुरू होते.

प्रथम भागाकार. आसनाचा पट्टा ४५ मिलिमीटर रुंद धरला, तर ७२ने भागून ०.६ मिलिमीटर येतो. तेवढी पट्टी मास्किंग टेपमधून धारदार पात्याने कापावी. तरफांसाठी संचाच्या चौकटीतील टाकाऊ प्लास्टिक मेणबत्तीवर मऊ करावे व ज्योतीपासून दूर नेऊन सावकाश ताणावे. केसासारखा तंतू मिळतो. जाड झालेला बारकावा नसलेल्याहून वाईट दिसतो, असे आमचे मत आहे.

वेग मोजणारी पिटो नळी कोऱ्या इंजेक्शनच्या सुईची करावी. टोक बोथट केल्याखेरीज ती मुलांच्या हाती देऊ नये. एफ-१३ प्रकारात ही नळी नाकाच्या खालच्या बाजूस असते, एफएलमध्ये वरच्या. खोक्यावरील चित्रावर न विसंबता छायाचित्रांशी ताडून पाहावे. कालामसुत्त शिकविणाऱ्या शाळेत हे वेगळे सांगावयास नको.

युद्धयंत्र आपल्या शाळेत कशाला, असे काही पालक विचारतात. प्रश्न रास्त आहे. आम्ही क्षेपणास्त्रे लावीत नाही. पंखांखालील त्यांचे आधार मात्र कापून टाकीत नाही. विमान कशासाठी होते, हे लपविणे सम्यक् दृष्टीत बसत नाही. त्या आधारांच्या कडा संचात जाडच येतात; त्या बारीक पॉलिश पेपरने घासून घ्याव्यात.