स्वप्नात जागं व्हायचंय ना? मग आधी झोप सांभाळ

अगं, स्वप्न पडत असतानाच ‘हे स्वप्न आहे’ हे कळणं, म्हणजे ल्युसिड ड्रीम, हे काही थोतांड नाही. १९७५ मध्ये इंग्लंडमधल्या हल विद्यापीठात अ‍ॅलन वॉर्स्ली यांनी ठरल्याप्रमाणे स्वप्नातूनच डोळे डावी-उजवीकडे फिरवले आणि कीथ हर्न यांच्या यंत्रावर ती खूण उमटली. तेव्हा तुझी हौस खुळी नाही. फक्त ती झोपेच्या मुळावर येऊ देऊ नकोस.

सुरुवात वहीपासून कर. जाग आली की लगेच मोबाइल घेऊ नकोस. डोळे मिटून तशीच पडून राहा, शेवटचं आठवेल तिथून मागे जा आणि मग लिही. थोड्याच दिवसांत काही गोष्टी पुन्हा पुन्हा दिसायला लागतील. पेपर सुरू झालाय आणि हॉलतिकीट सापडत नाही, असं काहीतरी. तीच तुझी खूण.

दिवसा अधूनमधून नाक चिमटीत धरून श्वास घेऊन बघ. स्वप्नात बहुधा नाक दाबूनही श्वास येतो, आणि तिथेच चोरी पकडली जाते. पण नुसत्या या सवयीवर विसंबू नकोस, तेवढ्याने फारसं हाती लागत नाही.

खरं काम पहाटेचं. स्वप्नांची झोप रात्रीच्या उत्तरार्धात लांबते, म्हणून झोपून पाचेक तास झाले की गजर लाव. पाच-दहा मिनिटं जागी राहा. आत्ताच पडलेलं स्वप्न आठव, ते हॉलतिकीट शोधणं डोळ्यांपुढे आण आणि या वेळी तू ते ओळखतेस असं बघ. मनाशी म्हणत राहा, ‘पुढचं स्वप्न पडेल तेव्हा मला आठवेल की हे स्वप्न आहे.’ अर्थ मनात ठेवून म्हण, नुसती घोकंपट्टी नको. स्टॅनफर्डच्या स्टीफन लाबर्ज यांची ही पद्धत. २०१७ च्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात दिवसाची तपासणी, पहाटेचा गजर आणि हा संकल्प एकत्र केल्यावर सुमारे १७ टक्के यश आलं. संकल्पानंतर पाच मिनिटांत झोप लागली, तेव्हा ते ४६ टक्क्यांच्या आसपास गेलं. म्हणजे बघ, लवकर झोप लागणं हाच यातला मोठा भाग आहे.

म्हणूनच सांगते, परीक्षेच्या किंवा कामाच्या धबडग्यात गजर लावू नकोस. सुट्टीच्या आदल्या रात्रीच लाव आणि सकाळी उशिरापर्यंत झोप. कधी जाग येऊनही अंग हलणार नाही. घाबरू नकोस, थोड्या वेळात ते सुटतं. गॅलँटामाइनच्या गोळीने फायदा होतो असं वाचशील. ते स्मृतिभ्रंशावरचं औषध आहे, डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. आणि मन आधीच सैरभैर असेल, खरं-खोटं यात गोंधळ होत असेल, तर हा नाद सरळ सोडून दे आणि मला फोन कर. स्वप्नं कुठे पळून जात नाहीत गं, तुझी तब्येत महत्त्वाची.