माशीपासून माशापर्यंत

गांडूळ, गोम किंवा झुरळ नीट निरखून पाहा. शरीर एकामागे एक लावलेल्या वळ्यांचे, म्हणजे खंडांचे बनलेले दिसेल. कोवळ्या भ्रूणात मात्र पेशी वरवर सारख्याच दिसतात. मग खंडाची सीमा कोठे पडायची, हे कसे ठरते?

पिकल्या केळ्यांवर घोंगावणाऱ्या ड्रॉसोफिला माशीत या प्रश्नाचा शोध घेतला गेला. १९८० साली क्रिस्तियाने न्युसलाइन-फोलहार्ड व एरिक वीशाउस यांनी भ्रूणाचे खंड पाडणारी जनुके वर्गवार मांडली. त्यांत ‘एन्ग्रेल्ड’ हे एक होते. ते बिघडले, तर खंडांच्या सीमा नीट पडत नाहीत आणि भ्रूण मरतो. जनुकाचे काम त्याच्या प्रथिनामार्फत चालते. म्हणून हे प्रथिन कोणत्या पेशींत आहे, ते पाहणे आवश्यक होते. पण साध्या सूक्ष्मदर्शकातून प्रथिनाचा रेणू दिसत नाही. येथे प्रतिपिंड, म्हणजेच अँटिबॉडी, उपयोगी पडते.

प्रतिपिंड कसे मिळवतात?

परके प्रथिन शरीरात शिरले, की काही पांढऱ्या पेशी त्याला नेमके चिकटणारे प्रतिपिंड तयार करतात. उंदराला एखादे प्रथिन टोचले, की असेच घडते. पण ही प्रतिपिंडे अनेक प्रकारची, सरमिसळ असतात आणि ती करणाऱ्या पेशी काचपात्रात फार दिवस जगत नाहीत. १९७५ साली केंब्रिज येथे जॉर्ज कोलर व सेझार मिलस्टीन यांनी यावर तोड काढली. उंदराच्या प्लीहेतील अशा पेशीचा त्यांनी कर्कपेशीशी संयोग घडवला. या संकरपेशीत प्रतिपिंड करण्याचे कसब आणि अखंड विभागत राहण्याची शक्ती, दोन्ही आले. एकाच संकरपेशीची संतती वाढवली, की एकाच साच्याची प्रतिपिंडे हवी तेवढी मिळतात.

निपम पटेल, कोरी गुडमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी एन्ग्रेल्ड प्रथिन ओळखणारे असे एक प्रतिपिंड मिळवले. त्याचे नाव ‘४डी९’.

रंग कसा येतो?

भ्रूण फॉर्माल्डिहाइडने स्थिर करतात, म्हणजे प्रथिने जागच्या जागी राहतात. मग त्यावर ४डी९ घालतात व जादा प्रतिपिंड धुऊन टाकतात. नंतर दुसरे प्रतिपिंड घालतात. ते उंदराच्या प्रतिपिंडाला चिकटते आणि त्याला एक विकर, म्हणजे एंझाइम, जोडलेले असते. शेवटी योग्य रसायन दिले, की विकर असेल तेथेच तपकिरी रंग उमटतो. माशीच्या भ्रूणाच्या धडावर असे १४ पट्टे दिसतात. प्रत्येक पट्टा खंडाच्या मागच्या भागाची खूण असतो. रंग असतो पेशीकेंद्रात, कारण इतर जनुके चालू-बंद करणे हे या प्रथिनाचे काम आहे.

रंगावर विश्वास ठेवावा का?

पारखल्याशिवाय नाही. एका भ्रूणावर पहिले प्रतिपिंड न घालता बाकी सर्व कृती करतात. तरीही रंग आला, तर तो खोटा. दुसरी कसोटी म्हणजे ते जनुकच नसलेला भ्रूण. येथे एक मेख आहे. एन्ग्रेल्डचे ‘इन्व्हेक्टेड’ नावाचे भावंड-जनुक माशीत असते आणि त्याच्या प्रथिनालाही ४डी९ चिकटते. म्हणून दोन्ही जनुके नसलेला भ्रूण तपासावा लागतो.

माशीपलीकडे

४डी९ प्रथिनाच्या ज्या भागाला चिकटते, तो भाग उत्क्रांतीत फारसा बदललेला नाही. त्यामुळे १९८९ साली हेच प्रतिपिंड इतर प्राण्यांवरही वापरता आले. नाकतोड्याच्या भ्रूणातही पट्टे दिसले; मात्र ते पुढून मागे एकेक करून उमटत होते. आपल्याकडील ओढ्यांत व भातखाचरांत आढळणाऱ्या झेब्रा माशात तसे पट्टे दिसले नाहीत. तेथे रंग आला तो मध्यमेंदू व पश्चमेंदू यांच्या सीमेवर आणि काही स्नायुपेशींत.

याचा अर्थ असा, की प्रथिनाचा हा वारसा फार जुना आहे. पण प्रत्येक प्राण्यात त्याचे काम तेच असेल असे नाही. प्रतिपिंड ‘कोठे’ ते सांगते. ‘कशासाठी’ हे कळण्यास वेगळे प्रयोग करावे लागतात.

विचार करा

१. पहिले प्रतिपिंड नीट धुतले नाही, तर काय दिसेल?
२. फक्त एन्ग्रेल्ड जनुक नसलेल्या भ्रूणात रंग दिसला, तर ४डी९ निरुपयोगी ठरेल का?