गावाचा पट आणि शाळेचा पट

शेकडेवारीची उदाहरणे तुम्ही नफा-तोटा आणि व्याजासाठी सोडवता. या अंकात तीच रीत शाळांना लावून पाहू. गावात ज्या ज्या समाजाची, ज्या ज्या परिस्थितीची माणसे राहतात, त्यांची मुले त्याच प्रमाणात वर्गात बसतात का? आणि सरकारी मराठी शाळेत व फी घेणाऱ्या खासगी शाळेत हे उत्तर सारखेच येते का?

आधी हिशेब समजून घेऊ. खालचे आकडे कल्पित आहेत. समजा, एका गावात शाळेच्या वयाची २०० मुले आहेत. त्यांत ४० मुले अनुसूचित जातींची, म्हणजे २० टक्के. सरकारी शाळेत ८० मुले जातात, त्यांत ही ३२. खासगी शाळांत १२० जातात, त्यांत फक्त ८. आता भागाकार करा. गावात २० टक्के, सरकारी शाळेत ४० टक्के, खासगी शाळांत ७ टक्क्यांहूनही कमी. कोणत्याही शाळेने कोणालाही जात विचारून परत पाठवले नाही, तरी एकाच गावाच्या दोन वेगळ्या शाळा झाल्या. हे कसे घडते ते पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागेल, आणि तेही फार लांब नाही, धारवाडपर्यंत.

१८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला. तो नाकारला गेला. त्याने मुंबई सरकारकडे अर्ज केला. आपला बेळगाव जिल्हाही तेव्हा मुंबई इलाख्यातच होता. सरकारने मान्य केले की न्याय मुलाच्या बाजूने आहे. पण त्या एकट्याला घेतले तर बाकीची मुले शाळा सोडतील आणि शाळा निरुपयोगी होईल, असे म्हणून त्याला बाहेरच ठेवले. पुढे लंडनहून कंपनीच्या संचालकांनी सरकारी शाळा सर्व वर्गांना खुल्या असल्याचे तत्त्व कळवले. तत्त्व आणि बसायची जागा यांत अंतर किती होते, हे १८८२ साली हंटर आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी दिलेल्या निवेदनातून दिसते. सरकारचा पैसा शेतकऱ्यांकडून येतो आणि शिक्षण मात्र वरच्या वर्गांना मिळते, अशी त्यांची तक्रार होती.

शेजारच्या करवीर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले आणि १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सरकारी शाळांत घेण्याचा हुकूम काढला. आमच्या मते या दोन हुकुमांतला दुसरा अधिक अवघड होता. पहिल्याला पैसा लागतो, दुसऱ्याला शेजाऱ्यांचा रोष पत्करावा लागतो.

म्हणजे गावची एक शाळा आणि त्यात सगळ्या गल्ल्यांची मुले, ही गोष्ट आपोआप झालेली नाही. धारवाडच्या अर्जापासून मोजले तर तिला शंभर वर्षे लागली.

आता जरा दूरचे उदाहरण. अमेरिकेत हा प्रश्न वंशाचा आहे. १९५४ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने गोऱ्या व काळ्या मुलांच्या वेगळ्या सरकारी शाळा घटनाबाह्य ठरवल्या. व्हर्जिनिया राज्यातल्या प्रिन्स एडवर्ड या परगण्याने काय केले? १९५९ साली सरकारी शाळांनाच कुलूप लावले. गोऱ्या मुलांसाठी खासगी शाळा निघाली. काळ्या मुलांना १९६४ पर्यंत, म्हणजे पाच वर्षे, तिथे सरकारी शाळाच नव्हती. आजही तो फरक पुरता मिटलेला नाही. २०२१ च्या सरकारी आकडेवारीत अमेरिकेच्या खासगी शाळांत गोरी मुले सुमारे ६५ टक्के, तर सरकारी शाळांत ४५ टक्क्यांच्या आसपास होती.

धारवाडची भीती आणि व्हर्जिनियाची चाल एकच आहे. तो आत आला तर आम्ही जातो.

आपल्याकडे आज असे कोणी बोलत नाही. बहुतेक पालक इंग्रजीसाठी मुलांना बाहेर पाठवतात आणि ती इच्छा आम्ही चुकीची मानत नाही. पण सकाळी दारात व्हॅन कोणाच्या थांबते ते पाहा. ज्याच्या घरी पगार आहे किंवा स्वतःची चार एकर जमीन आहे त्याच्या. मजुरीवर जाणाऱ्याचे मूल पायी मराठी शाळेत येते. कित्येक घरांत मुलगा व्हॅनमध्ये आणि मुलगी सरकारी शाळेत, अशीही वाटणी असते. मग पट घटतो. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे ६० मुलांपर्यंत दोनच शिक्षक. पहिली ते पाचवीचे पाच वर्ग दोघांनी सांभाळायचे म्हटल्यावर उरलेले पालकही दुसरीकडे बघू लागतात. सीमाभागात यात आणखी एक भर पडते: मराठी शाळा बंद पडली तर गरिबाच्या मुलापुढे मराठीत शिकण्याची वाटच राहत नाही.

२००९ च्या त्याच कायद्याने खासगी शाळांत २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांना मोफत दिल्या. कर्नाटकाने २०१९ मध्ये नियम बदलला. जवळ सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेत ही जागा मिळेना, आणि अर्ज एकदम घसरले. सरकारी शाळांचा पट वाचवायचा, असे कारण देण्यात आले. फी भरू शकणाऱ्याला मात्र या नियमाने कुठेच अडवले नाही. त्याआधी, ६ मे २०१४ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने धार्मिक व भाषिक अल्पसंख्याकांच्या शाळांना या कायद्यातून वगळले होते. कर्नाटकात भाषिक अल्पसंख्याक म्हणजे आपणही, हे लक्षात घ्यावे.

खासगी म्हटले की वेगळीच, असेही नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात काढलेल्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहत व जेवत. ते सरकारी नव्हते. पण तिथे गरिबीमुळे दार बंद होत नव्हते.

आता तुमचे काम. वर्गमित्राला त्याची जात विचारायची नाही, हा पहिला नियम. दरवर्षी प्रत्येक शाळा यू-डायसचा तक्ता भरते. त्यातून प्रवर्गवार आणि मुलगे-मुली अशी बेरीज काढता येते; नावे मात्र घ्यायची नाहीत. मुख्याध्यापकांकडून ती बेरीज घ्या. गावाची टक्केवारी २०११ च्या जनगणनेच्या ग्रामपुस्तिकेत मिळेल. आकडे जुने आहेत, तेव्हा सालाची नोंद शेजारी करा. मग तीन स्तंभ आखा: गाव, सरकारी शाळा, खासगी शाळा. मुलींसाठी वेगळी ओळ ठेवा. वजाबाकी केल्यावर सर्वांत मोठा फरक कोणत्या ओळीत येतो, ते वहीत लिहून आणा.