दस्तरखान आणि क्रोध : संयमाचा एकच धडा



अल्लाहने मानवाच्या मुखात एकच जीभ ठेवली आणि तिच्यावर दोन कामे सोपवली, चव घेणे आणि बोलणे. मराठीत ‘जरा तोंड आवर’ असे आपण ताटावर आडवा हात मारणाऱ्यालाही म्हणतो आणि वाटेल तसे बोलणाऱ्यालाही. भाषेने ज्या दोन गोष्टी एका शब्दात बांधल्या, त्या धर्मशिक्षणातही एकमेकींपासून दूर नाहीत. घास कुठे थांबवावा आणि शब्द कुठे थांबवावा, हे एकाच नफ्सला शिकवायचे असते. या दोन्ही गोष्टींची शाळा आपल्या घरात दररोज दोनदा भरते, ती म्हणजे दस्तरखान. या पाठात आपण तिचाच विचार करू.

दोन आयती, एक गुण

सूरह अल-आराफमध्ये (७:३१) अल्लाहने समस्त आदमसंततीला संबोधून सांगितले आहे की, इबादतीच्या प्रत्येक प्रसंगी नीटनेटका पोशाख करावा, खावे, प्यावे, परंतु अतिरेक करू नये. अतिरेक करणारे अल्लाहला प्रिय नाहीत. या आयतीतील क्रम ध्यानात घ्यावा. खाण्याची अनुमती आधी आली आहे आणि मर्यादा नंतर. पुढच्याच आयतीत, अल्लाहने दासांसाठी निर्माण केलेली शोभा आणि शुद्ध अन्न कोणी निषिद्ध ठरवले, असा जाबही विचारला आहे. म्हणजे अन्नाचा तिरस्कार हा इस्लामचा मार्ग नव्हे आणि अन्नाची गुलामी हाही नव्हे.

दुसरी आयत सूरह आलि इमरानमधील आहे (३:१३४). ज्यांच्यासाठी जन्नत सिद्ध केली आहे त्या ईशभीरू लोकांची लक्षणे तिथे सांगितली आहेत: ते सुबत्तेत आणि तंगीतही खर्च करतात, क्रोध आवरतात आणि लोकांना क्षमा करतात. क्रोध आवरणाऱ्यांसाठी आलेला शब्द आहे ‘काजिमीन’. या धातूचा अरबीतील एक वापर असा की, पाण्याने काठोकाठ भरलेल्या मशकीचे तोंड बांधणे. मशक रिकामी नाही, ती भरलेली आहे. माणसाला राग येतो, हे इथे गृहीतच धरले आहे. तोंड बांधणे, एवढी कृती त्याच्या हाती दिली आहे.

पहिल्या आयतीचा शेवट अल्लाहला कोण प्रिय नाहीत यावर होतो आणि दुसरीचा शेवट त्याला कोण प्रिय आहेत यावर. ताटापाशी न थांबणारा एकीकडे आहे आणि क्रोधापाशी थांबणारा दुसरीकडे.

पोटाचे माप

हजरत मिकदाम बिन मअदीकरिब (रजि.) यांनी निवेदन केलेली आणि ‘तिर्मिजी’त आलेली हदीस बहुतेकांना ठाऊक आहे. माणूस भरतो त्या भांड्यांमध्ये पोटाहून वाईट भांडे नाही. पाठ ताठ राहील इतके काही घास त्याला पुरेसे आहेत. आणि अधिक खायचेच असेल तर एक तृतीयांश अन्नासाठी, एक तृतीयांश पाण्यासाठी आणि एक तृतीयांश श्वासासाठी ठेवावे, असा तिचा आशय आहे. ही हदीस आपण पुष्कळदा सांगतो, पण अर्धीच. तृतीयांशाचा हिशेब ही वरची सीमा आहे. मूळ शिफारस आहे ती ‘काही घासां’ची.

लहानग्या उमर बिन अबी सलमा (रजि.) यांचा हात ताटात सर्वत्र फिरताना पाहून प्रेषित (स.) यांनी त्यांना तीन गोष्टी शिकवल्या: अल्लाहचे नाव घ्यावे, उजव्या हाताने खावे आणि आपल्या समोरचे खावे. या तिन्ही गोष्टींमुळे हात क्षणभर थांबतो. पोट भरल्याची जाणीव मेंदूपर्यंत पोहोचायला साधारण २० मिनिटे लागतात, असे आज डॉक्टर सांगतात. घाईने जेवणारा माणूस ही जाणीव होण्याआधीच गरजेहून कितीतरी अधिक खाऊन बसलेला असतो. बिस्मिल्लाह म्हणून, लहान घास घेऊन, चावून, आपल्या समोरचेच खाणाऱ्याला ही जाणीव वेळेवर गाठते.

आता आपल्या घरांकडे पाहू. रमजानच्या इफ्तारला खजूर आणि पाणी घेऊन रोजा सोडला जातो, ही सुन्नत झाली. त्यानंतर भजी, समोसे आणि साखरेने दाट झालेले सरबत पुढे येते, आणि दिवसभर आवरलेला हात दहा मिनिटांत सुटतो. मग मगरिबची नमाज जडपणाने आणि तरावीह पेंगत अदा होते. वलीम्याच्या दावतीत यजमान आग्रह करतो, पाहुणा संकोचाने बिर्याणीचा दुसरा वाढा घेतो आणि अर्धे ताट तसेच टाकून उठतो. अतिरेकाचा दोष केवळ खाणाऱ्याचा नसतो, वाढणाऱ्याचाही असतो. आपल्या वस्तीत मधुमेह किंवा रक्तदाब नाही असे घर आता शोधावे लागते. अशा वेळी पाहुण्याने ‘बस’ म्हटल्यावर डाव मागे घेणे, हाच त्याचा खरा मान आहे.

संतुलनाची दुसरी बाजूही विसरू नये. हजरत सलमान फारसी (रजि.) आपले धर्मबंधू हजरत अबू दरदा (रजि.) यांच्या घरी गेले, तेव्हा अबू दरदा दिवसा रोजे आणि रात्री नमाज यांत इतके गढले होते की, पत्नीकडेही त्यांचे लक्ष उरले नव्हते. त्यांनी जेवण पुढे केले आणि स्वतःचा रोजा असल्याचे सांगितले. सलमान (रजि.) म्हणाले, तुम्ही जेवल्याशिवाय मी जेवणार नाही. तो नफिल रोजा होता; अबू दरदा जेवले. पालनकर्त्याचा, स्वतःच्या जिवाचा आणि कुटुंबाचा, प्रत्येकाचा हक्क आपल्यावर आहे, हे सलमान (रजि.) यांनी त्यांना समजावले. प्रेषित (स.) यांना हे कळले तेव्हा त्यांनी सलमान यांचेच म्हणणे खरे ठरवले. हा प्रसंग ‘बुखारी’त आहे.

भूक आणि निवाडा

काजीने रागात असताना दोन माणसांमध्ये निवाडा करू नये, ही हजरत अबू बकरा (रजि.) यांनी निवेदन केलेली हदीस ‘बुखारी’ आणि ‘मुस्लिम’ या दोन्ही संग्रहांत आहे. पुढे फुकहांनी, म्हणजे धर्मशास्त्रज्ञांनी, याच नियमात तीव्र भूक, तहान, झोप आणि दुखणे यांचाही समावेश केला. कारण, या अवस्थांतही मन ठिकाणावर नसते. जेवण पुढे आलेले असताना नमाजला उभे राहू नये, अशी हदीस हजरत आयेशा (रजि.) यांच्याकडून ‘मुस्लिम’मध्ये आली आहे. शरीराची अवस्था मनावर परिणाम करते, हे शरियतने अशा रीतीने मान्य केले आहे.

काजीला लागू असलेला नियम घरातील कर्त्यालाही लागू पडतो. तोही दिवसभर लहानमोठे निवाडे करीत असतो. मुलाची गुणपत्रिका, भावाशी असलेला व्यवहार, सुनेविषयीची तक्रार, असे विषय माणूस कामावरून दमून-भुकेजून घरात पाऊल टाकतो त्याच क्षणी त्याच्यापुढे मांडू नयेत. आणि मांडले गेलेच, तर त्याने ‘जेवून बोलू’ एवढेच म्हणावे. इमामाकडे जे कौटुंबिक तंटे येतात, त्यांतले कितीतरी सालनात मीठ कमी पडल्यापासून सुरू झालेले असतात आणि मागे न घेता येणाऱ्या शब्दापर्यंत पोहोचलेले असतात. तो शब्द एक जेवण उशिरा उच्चारायचा ठरला असता, तर कदाचित उच्चारलाच गेला नसता.

इथे आजाऱ्यांविषयी एक खुलासा आवश्यक आहे. मधुमेहावर इन्सुलिन किंवा काही विशिष्ट गोळ्या घेणाऱ्याचे जेवण लांबले, तर रक्तातील साखर उतरू शकते. हात थरथरणे, घाम येणे आणि अकारण चिडचिड ही तिची लक्षणे आहेत. अशा वेळी त्याच्या स्वभावाला दोष देऊ नये; तो शुद्धीवर असेल तर ताबडतोब साखरेचे पाणी द्यावे आणि डॉक्टरांना कळवावे. अशा रुग्णांनी रमजानपूर्वीच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. आजाऱ्याला रोजात दिलेली सवलत कुरआननेच दिली आहे (२:१८४-१८५). ती नाकारण्यात पुण्य नाही.

मात्र निरोगी माणसाने भुकेची सबब पुढे करू नये. रोजेदाराशी कोणी भांडायला आला किंवा त्याला शिवी दिली, तर ‘माझा रोजा आहे’ एवढेच त्याने म्हणावे, अशी प्रेषितांची (स.) शिकवण आहे. पोट आवरण्याची आणि तोंड आवरण्याची कसोटी इथे एकाच क्षणी लागते. दिवसभर उपाशी राहून सायंकाळी घरच्यांवर ओरडणाऱ्याने रोजाचा अर्धाच पाठ घेतला.

फुटलेला वाडगा

प्रेषित (स.) एका पत्नीच्या घरी होते, सोबत काही सहाबी होते. तेवढ्यात दुसऱ्या पत्नीकडून सेवकाच्या हाती जेवणाचा वाडगा आला. जिच्या घरी ते होते तिला ते सहन झाले नाही. तिने सेवकाच्या हातावर फटका मारला. वाडगा खाली पडून फुटला. पाहुण्यांसमोर घडलेला हा प्रकार होता. प्रेषितांनी (स.) स्वतः वाडग्याचे तुकडे गोळा केले, सांडलेले अन्न त्यांत भरले आणि सहाबींना, तुमच्या आईला मत्सर वाटला, एवढेच सांगितले. त्यानंतर त्यांनी सेवकाला थांबवून घेतले, ज्या घरात वाडगा फुटला त्या घरातील अखंड वाडगा त्याच्या हाती दिला आणि फुटलेला तिथेच ठेवला. हजरत अनस (रजि.) यांचे हे निवेदन ‘बुखारी’त आहे.

यात शिकण्यासारखे दोन भाग आहेत. त्यांनी पत्नीचा पाहुण्यांसमोर अपमान केला नाही. उलट ‘तुमची आई’ म्हणून तिचा मान राखला. आणि झालेले नुकसानही भरून दिले. ज्यांचे भांडे फुटले त्यांच्यावर अन्याय होऊ दिला नाही. रागाला आवर घालणे म्हणजे न्याय सोडून देणे नव्हे. म्हणूनच घरात होणारी मारहाण किंवा छळ ‘सबर करा’ म्हणून झाकणे हा या आयतीचा गैरवापर आहे. अत्याचार करणाऱ्याचा हात धरणे हीच त्याला केलेली मदत, असे प्रेषितांनी (स.) सांगितले आहे.

त्यांनी कधीही अन्नाला नावे ठेवली नाहीत. आवडले तर खाल्ले, नाही तर सोडून दिले. एकदा घरात लावून खायला सिरक्याखेरीज काही नव्हते, तर त्यांनी सिरक्याचीच प्रशंसा केली. ज्या घरात ताटाला नावे ठेवली जात नाहीत, त्या घरात रांधणाऱ्या हातांचाही अपमान होत नाही.

गिळलेला राग

अल्लाहच्या प्रसन्नतेसाठी दासाने गिळलेल्या रागाच्या घोटाहून अधिक मोबदल्याचा दुसरा घोट नाही, अशा आशयाची हजरत इब्ने उमर (रजि.) यांची हदीस ‘इब्ने माजा’त आहे. इमाम गजाली (मृत्यू हि. ५०५, इ.स. ११११) यांनी ‘इह्या उलूमुद्दीन’ या ग्रंथाच्या तिसऱ्या विभागात आधी पोटाच्या वासनेचे प्रकरण घेतले, मग जिभेच्या संकटांचे आणि त्यानंतर क्रोध, द्वेष आणि मत्सर यांचे. पोट, जीभ, क्रोध हा क्रम अभ्यासकाने ध्यानात ठेवण्याजोगा आहे. बदला घेण्याचे सामर्थ्य नाही म्हणून नाइलाजाने दाबलेला राग आत परतून द्वेष बनतो, असा इशाराही ते देतात. म्हणूनच आयत क्रोध आवरण्यापाशी थांबत नाही; ती क्षमेपर्यंत आणि उपकारापर्यंत जाते. केवळ गप्प बसून आठवडाभर अबोला धरणे हा संयम नव्हे. मुस्लिमाने आपल्या बंधूशी तीन दिवसांहून अधिक अबोला धरू नये, अशी स्पष्ट हदीस आहे.

या महिन्याचा अमल

कुटुंबाने एकत्र बसून पुढील गोष्टी ठरवाव्यात.

१. दिवसातून किमान एक जेवण सर्वांनी मिळून, मोबाईल दूर ठेवून, बिस्मिल्लाहने सुरू करावे. आणखी दोन घास जातील असे वाटत असतानाच उठावे.

२. दस्तरखानावर हिशेब, तक्रार आणि तुलना यांना मज्जाव असावा. जेवणात उणीव वाटली तर ती त्या वेळी बोलू नये.

३. राग आला तर ‘अऊजु बिल्लाह’ म्हणावे, उभे असल्यास बसावे, तरीही शमला नाही तर आडवे व्हावे, वुजू करावा. हे सर्व उपाय हदीसमध्ये आले आहेत आणि प्रत्येकात शब्दाआधी थोडा अवधी मिळतो.

४. चूक झालीच, तर त्याच दिवशी झोपण्यापूर्वी माफी मागावी. वडिलांनी मुलाची माफी मागितली तर वडिलांचा मान उणावत नाही. मुलाला मात्र माफी मागणे येते.

५. महिनाअखेरीस प्रत्येकाने स्वतःलाच विचारावे: या महिन्यात माझा हात किती वेळा वेळेवर थांबला आणि जीभ किती वेळा? एकाचे उत्तर सुधारले तर दुसऱ्याचेही सुधारू लागल्याचे त्याला दिसेल, इन्शाअल्लाह.

अल्लाह आपल्या घासांत बरकत देवो, आपल्या शब्दांत नरमाई देवो आणि आपली घरे सलामतीची घरे बनवो. आमीन.