हातातील जीपीएस यंत्र : डबा शोधण्याच्या खेळापासून शेतातील नोंदीपर्यंत

केळीची जुनी बाग मोडली, खुंट निघाले, नांगरट झाली आणि रोटाव्हेटर फिरला, की शेतातील ओळखीच्या खुणा नाहीशा होतात. तीन वर्षांपूर्वी पुरलेल्या सबमेनचा जोड नेमका कोठे आहे, हे घरातील एकालाच आठवत असते आणि तो त्या दिवशी लग्नाला परगावी गेलेला असतो. मग अंदाजाने कुदळ चालते व चांगला पाईप फुटतो. अर्धापूर परिसरातील बागायतदारांना हा अनुभव नवा नाही. जमिनीवरील जागेची नोंद आकड्यांत करून ठेवता आली आणि त्या आकड्यांवरून पुन्हा त्याच जागी येता आले, तर हा त्रास पुष्कळ कमी होतो. हातात धरून वापरावयाच्या जीपीएस यंत्राने हे काम होते. आज बहुतेकांच्या खिशातील मोबाईलमध्येही हे यंत्र बसविलेलेच असते.

मात्र यंत्र जवळ असणे वेगळे आणि ते वापरता येणे वेगळे. त्याच्याकडून जे होत नाही ते करून घेऊ गेल्यास शेजाऱ्याशी वैर ओढवते, हेही आरंभीच सांगितलेले बरे. म्हणून यंत्र काय करते आणि काय करत नाही, या दोन्ही बाजू येथे दिल्या आहेत.

यंत्राला जागा कशी कळते?

पावसाळ्यात वीज चमकल्यावर आपण मनात आकडे मोजतो आणि गडगडाट किती वेळाने आला त्यावरून वीज किती लांब पडली याचा अंदाज करतो. जीपीएसचे तत्त्व याच जातीचे आहे. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारे उपग्रह आपली जागा आणि अचूक वेळ सांगणारे संदेश सतत पाठवीत असतात. संदेश निघाल्याची वेळ व पोहोचल्याची वेळ यांतील फरकावरून यंत्र त्या उपग्रहापासूनचे अंतर काढते. फरक एवढाच की, आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, तर हा संदेश सेकंदाला तीन लाख किलोमीटर वेगाने येतो. घड्याळात सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली, तर अंतरात ३०० मीटरची चूक होते. उपग्रहावर अणुघड्याळ असते. आपल्या हातातील यंत्रात साधे असते. ही उणीव भरून काढण्यासाठी तीनऐवजी किमान चार उपग्रहांचे संदेश लागतात. यंत्राच्या पडद्यावर चारपेक्षा कमी उपग्रह दिसत असतील, तर त्या वेळचा आकडा वहीत उतरवू नये.

जीपीएस ही अमेरिकेची यंत्रणा १९९५ मध्ये पूर्ण क्षमतेने सुरू झाली. तिच्या जोडीला आता रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ आणि चीनची बायडू या यंत्रणा आहेत. आपल्या देशाच्या नाविक यंत्रणेचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी सोडण्यात आला. नव्या यंत्रांत यांपैकी अनेकांचे संदेश एकत्र वापरले जातात व त्याचा फायदा अडचणीच्या जागी होतो.

आणखी एक गैरसमज येथेच दूर करावा. मोबाईलला रेंज नसली तरी त्यातील जीपीएस चालते. रेंज लागते ती नकाशा उतरवून घेण्यासाठी. नदीकाठच्या शेतात रेंज नाही म्हणून नोंद घेता येत नाही, असे समजू नये. पहिल्या वेळी उपग्रह सापडण्यास उशीर लागतो इतकेच. जुन्या यंत्रांना तर काही वेळा दहा-बारा मिनिटे लागतात. तेवढा वेळ मोकळ्या आकाशाखाली स्वस्थ उभे राहावे.

बादलीचा खेळ

१९९० च्या दशकात सामान्य माणसाच्या हातातील यंत्रात सुमारे १०० मीटरपर्यंत चूक येत असे. लष्करी कारणासाठी अमेरिका ही चूक जाणूनबुजून घालीत होती. १ मे २००० च्या रात्री ती बंद करण्यात आली आणि यंत्रे एकदम सुमारे दहापट अचूक झाली. ही अचूकता पारखण्यासाठी डेव्ह उल्मर या गृहस्थांनी ३ मे २००० रोजी अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात बीव्हरक्रीक गावाजवळच्या झाडीत एक बादली ठेवली. तीत शेंगदाण्यांचा नव्हे, पण घेवड्याच्या जातीच्या दाण्यांचा एक डबा व इतर किरकोळ वस्तू होत्या. त्यांनी जागेचे आकडे जाहीर केले आणि काही दिवसांतच इतरांनी यंत्र घेऊन ती बादली शोधून काढली. यातूनच जिओकॅशिंग हा खेळ जगभर पसरला. नियम साधे आहेत. डबा शोधावा, आतील वहीत नाव व तारीख लिहावी, एखादी वस्तू घेतल्यास तेवढ्याच मोलाची दुसरी ठेवावी आणि डबा होता तेथेच परत ठेवावा.

शेतकऱ्याने असल्या खेळात वेळ का घालवावा, असे वाटणे साहजिक आहे. परंतु यंत्राची खरी ओळख माहितीपुस्तक वाचून होत नाही. ठेवलेली वस्तू शोधताना होते. पुरलेला व्हॉल्व्ह आणि लपवलेला डबा शोधण्याची रीत एकच आहे. डबा चुकला तर नुकसान काही नाही, इतकाच फरक.

आकडे वाचताना होणारी मोठी चूक

जागेचे दोन आकडे असतात. अक्षांश उत्तर-दक्षिण सांगतो आणि रेखांश पूर्व-पश्चिम सांगतो. अर्धापूर साधारणपणे १९.२८ अंश उत्तर अक्षांश व ७७.३८ अंश पूर्व रेखांश यांच्या आसपास येते. एका अंशाचे ६० भाग म्हणजे मिनिटे. उल्मर यांच्या बादलीची जागा उत्तर ४५ अंश १७.४६० मिनिटे, पश्चिम १२२ अंश २४.८०० मिनिटे अशी दिली होती. म्हणजे अंश पूर्ण आकड्यात आणि मिनिटे दशांशात. मोबाईलवर मात्र बहुधा नुसते अंशच दशांशात दिसतात. घोटाळा होतो तो येथे.

समजा, एकाने जागा १९ अंश १६.८ मिनिटे अशी सांगितली आणि दुसऱ्याने ती १९.१६८ अशी यंत्रात भरली. खरा आकडा १९.२८० हवा होता, कारण १६.८ ला ६० ने भागल्यास ०.२८ येतात. या एका चुकीने जागा सुमारे १२ किलोमीटर दक्षिणेस सरकते. अर्धापूरचा डबा तुम्ही नांदेडच्या बाजूला शोधत बसाल. म्हणून आकड्याबरोबर तो कोणत्या पद्धतीचा आहे हे लिहिण्याची सवय लावावी आणि घरातील सर्वांनी एकच पद्धत ठरवावी. आमच्या मते दशांश अंशाची पद्धत सोपी पडते. दशांश चिन्हानंतर पाच आकडे घ्यावेत. पाचव्या आकड्यातील एकाचा फरक म्हणजे जमिनीवर सुमारे एक मीटर. चारच आकडे घेतले, तर तोच फरक सुमारे ११ मीटर होतो. यंत्रात नकाशाचा आधार निवडण्याची सोय असल्यास डब्ल्यूजीएस ८४ हाच निवडावा. दोन यंत्रांचे आधार वेगळे असले, तर दोन्ही यंत्रे ठीक असूनही जागा जुळत नाही.

गावात सराव कसा करावा?

चार-पाच तरुणांनी मिळून सुटीच्या दिवशी हा प्रयोग करावा. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा घ्यावा. आत लहान वही आणि पेन्सिल ठेवावी. ओलाव्याने पेनची शाई फुटते. डबा पुरू नये. बांधावरील निंबाच्या बुडाशी किंवा दगडाच्या आडोशाला ठेवावा व त्यावर काय आहे ते ठळक लिहावे. बेवारस डब्याने लोक घाबरतात, म्हणून रेल्वेमार्ग, विजेचे खांब, कालव्याची दारे, देवस्थान व शाळा यांच्या जवळ डबा ठेवू नये. शेत दुसऱ्याचे असेल तर आधी विचारावे.

ठेवणाऱ्याने त्या जागी दोन-तीन मिनिटे स्थिर उभे राहून आकडा घ्यावा. यंत्रात सरासरी घेण्याची सोय असेल तर ती वापरावी. शोधणाऱ्याने आकडा भरला की पडद्यावर बाण आणि अंतर दिसते. साध्या यंत्रातील बाण चालत असतानाच खरा असतो. माणूस थांबला की तो भरकटतो, आणि नवशिका जागच्या जागी गोल फिरत राहतो! बाण भरकटला तर पंधरा-वीस पावले सरळ चालावे, तो आपोआप ताळ्यावर येतो.

अंतर पाच-सहा मीटरवर आले की यंत्र खिशात ठेवावे. यापुढे ते मदत करीत नाही, उलट गोंधळ वाढविते. मोकळ्या रानातही चांगल्या यंत्राची चूक तीन ते पाच मीटर असते. आता डोळ्यांनी पाहावे, डबा ठेवणाऱ्याने कोठे ठेवला असता याचा विचार करावा. दगडाच्या फटीत किंवा पाचोळ्यात थेट हात घालू नये. आधी काठीने चाचपावे. केळीच्या वाळल्या पानांखाली काय असते ते बागायतदारांना सांगावयास नको.

हाच डबा दुसऱ्या दिवशी दाट केळीच्या बागेत ठेवून पाहावा. पाण्याने भरलेली रुंद पाने उपग्रहाचा संदेश अडवितात, पाऊस पडून गेल्यावर तर अधिकच. पत्र्याच्या शेडजवळ संदेश पत्र्यावर आपटून वळसा घालून येतो आणि अंतर चुकते. एकदा स्वतः हे पाहिले की शेतात आकडा कोठे घ्यावा व कोठे घेऊ नये, हे कायमचे लक्षात राहते.

शेतातील कायमच्या नोंदी

नोंद घेण्यास सर्वांत योग्य वेळ म्हणजे पाईपलाईनचा चर उघडा असताना. चर बुजविल्यावर घेतलेली नोंद अर्धी अंदाजाचीच असते. मुख्य पाईपचे वळण, सबमेनचा जोड, व्हॉल्व्ह, बंद पडलेल्या बोअरचा केसिंग पाईप, मोटारीची जमिनीखालून नेलेली केबल, या प्रत्येक जागेचा आकडा तीन वेगवेगळ्या दिवशी घ्यावा व त्यांची सरासरी काढावी. एका दिवशी लागोपाठ तीनदा घेतल्याने तेवढा फायदा होत नाही, कारण थोड्या वेळात उपग्रहांची जागा फारशी बदलत नाही व तीच चूक तिन्ही वेळा येते.

परंतु केवळ या आकड्यावर विसंबून कुदळ मारू नये. प्रत्येक जागेपासून न हलणाऱ्या दोन खुणांपर्यंतचे अंतर टेपने मोजून आकड्याशेजारी लिहावे. विहिरीचा काठ, मोटारघराचा कोपरा, पक्का दगड अशा खुणा चालतात. दोन खुणांपासूनची अंतरे मिळाली की दोरी धरून जागा वीतभराच्या आत सापडते. तीस एकरांच्या सलग पट्ट्यात आपण कोणत्या कोपऱ्यात आहोत ते यंत्र सांगते, आणि शेवटचे पाच मीटर टेप सांगतो.

क्षेत्र मोजताना

बांधावरून, आपल्याकडच्या बोलीत धुऱ्यावरून, यंत्र घेऊन फेरी मारली की आतील क्षेत्र एकर किंवा चौरस मीटरमध्ये मिळते. फवारणीचे द्रावण, मजुरी, रोपांची मागणी यांसाठी हा अंदाज उपयोगी आहे. मात्र तुकडा जितका लहान तितकी चूक मोठी. चौरस एक एकराची एक बाजू सुमारे ६४ मीटर असते. यंत्राने प्रत्येक कडा तीन मीटर बाहेर दाखविली, तर एकर सुमारे ४८ गुंठ्यांचा भरतो. दीड बाय दीड मीटर अंतरावर एकरी सुमारे १,८०० केळीची रोपे बसतात; म्हणजे ३६० रोपे जास्तीची मागविली जातील. ऊतिसंवर्धित रोपांच्या भावाने हा हिशेब प्रत्येकाने आपल्यापुरता करून पाहावा. चार एकरांत याच चुकीचे प्रमाण दहा टक्क्यांच्या आत राहते. चार गुंठ्यांत मात्र क्षेत्र दीडपटीहून जास्त दिसू शकते. हे अर्थातच सर्वांत वाईट घडल्यास. बहुधा संपूर्ण फेरीतील चूक एकाच दिशेची असते व क्षेत्र बरेच जुळते. म्हणून फेरी न थांबता एका दमात पूर्ण करावी, बागेच्या कडेने न जाता मोकळ्या बाजूने चालावे आणि उलट दिशेने दुसरी फेरी मारून दोन्ही आकडे ताडून पाहावेत. दोन्हीत मोठा फरक आल्यास सरळ टेप घ्यावा. ३३ फूट गुणिले ३३ फूट म्हणजे एक गुंठा, हे गणित अजून चुकलेले नाही.

बांधाचा वाद यंत्राने मिटत नाही

हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. मोबाईलवर गावनकाशा व आपल्या जागेचा निळा ठिपका एकत्र पाहून शेजाऱ्याने दोन गुंठे दाबले, असे ठरविणारे लोक वाढत आहेत. शंभर मीटर लांबीच्या बांधावर तीन मीटरची चूक म्हणजेच सुमारे तीन गुंठे. म्हणजे ज्या तीन गुंठ्यांसाठी भाऊ भावाशी बोलेनासा होतो, ते बहुतेक वेळा यंत्राच्या चुकीतच मावतात. पडद्यावरील नकाशाची रेषा स्वतःच काही मीटर सरकलेली असू शकते, ती चूक निराळी. अशा ठिपक्यावरून हद्दीचा दगड हलविणे गैर आहे.

हद्दीबाबत शंका असल्यास तालुक्याच्या उप अधीक्षक, भूमी अभिलेख कार्यालयाकडे मोजणीचा अर्ज करावा. तेथील मोजणीदार वापरतात ते रोव्हर हेही उपग्रहावरच चालते. पण त्याला जवळच्या कायम केंद्राकडून सतत दुरुस्ती मिळते आणि चूक काही सेंटिमीटरवर येते. शिवाय मोजणीदार जुन्या नकाशाशी व जागेवरील दगडांशी मेळ घालतो. ते काम आपल्या हातातील यंत्राचे नाही.

याउलट ई-पीक पाहणीसाठी मोबाईलची अचूकता पुरेशी आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या या पाहणीत शेतात उभे राहून, जागेच्या आकड्यांसह पिकाचा फोटो घ्यावा लागतो. फोटोपूर्वी जीपीएस चालू करून दोन-तीन मिनिटे थांबावे आणि बांधाला चिकटून न राहता शेतात आत जावे. नाहीतर आपल्या केळीची जागा शेजारच्या गटात दिसते. दाट बागेत मोकळा पट्टा पाहून उभे राहावे.

यंत्र विकत घ्यावे काय?

ज्यांच्याकडे बरा मोबाईल आहे त्यांनी लगेच स्वतंत्र यंत्र घेण्याची गरज नाही. दिवसभर रानात काम असणाऱ्यांना, गटशेतीच्या गटांना व कृषी सेवा देणाऱ्या तरुणांना ते सोयीचे पडते. पेन्सिल सेलवर चालते, पाण्याने लगेच बिघडत नाही आणि उन्हातही पडदा वाचता येतो. परदेशातील नातेवाईकाकडून मागविताना एक काळजी घ्यावी. काही नव्या यंत्रांत उपग्रहामार्फत संदेश पाठविण्याची सोय असते. अशी यंत्रे आपल्या देशात परवान्याशिवाय बाळगता येत नाहीत. केवळ जागा दाखविणारे यंत्र असेल तर अडचण नाही. सेल काढून ठेवल्याशिवाय यंत्र पावसाळाभर कपाटात ठेवू नये, सेल गळतात. आणि घेतलेले सर्व आकडे सातबाराच्या फाईलमध्ये कागदावर उतरवून ठेवावेत, कारण मोबाईल हरवतो तेव्हा व्हॉल्व्हची जागाही त्याच्याबरोबर जाते.