घरच्या कुत्र्याचा फोटो : खिडकीच्या उजेडात



दिवाळीच्या सुट्टीत 'माझा आवडता प्राणी' या निबंधासोबत एक फोटो चिकटवून आणायला सांगितले होते. निबंध चांगले उतरले. फोटो पाहून मात्र आम्ही हिरमुसलो. कुणाच्या कुत्र्याचे डोळे हिरव्या दिव्यांसारखे पेटलेले, कुणाचा पांढरा कुत्रा राखेत लोळून आल्यासारखा, आणि काळ्या कुत्र्यांचा तर नुसता काळा गोळा.

हसण्याचा आम्हाला अधिकार नाही. आमच्या घरचा काळू तेरा वर्षांचा आहे. मागच्या उन्हाळ्यात त्याने दोन दिवस अन्न सोडले, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "आता वय झाले, सर." त्या रात्री आम्ही अल्बम काढला, सगळ्यांचे मोबाइल धुंडाळले. साठ-सत्तर फोटो निघाले. वाढदिवसांच्या मागे, सोफ्याखाली, कुणाच्या तरी पायांत. पण ज्यात आमचा काळू काळूसारखा दिसेल असा एकही नाही. सौभाग्यवती म्हणाल्या, "तेरा वर्षे घरात आहे, आणि याचे तोंड कुठेच नाही!" सुदैवाने तो सावरला, आणि आम्ही या वयात फोटो काढायला शिकलो. जे कळले ते इथे देतो.

पहिली गोष्ट फ्लॅशची. बहुतेक कुत्र्यांच्या डोळ्यांत दृष्टिपटलाच्या मागे आरशासारखा एक थर असतो. अंधुक उजेड त्यावरून परत फिरतो आणि डोळ्याला तो दुसऱ्यांदा वापरता येतो, म्हणून रात्री त्यांना आपल्यापेक्षा चांगले दिसते. फ्लॅशचा उजेडही तिथूनच परततो आणि थेट कॅमेऱ्यात येतो. हिरवे दिवे ते हेच. तेव्हा फ्लॅश बंद. खोलीतले बल्बही बंद करावेत, कारण बल्ब पिवळा आणि दिवसाचा उजेड निळसर. दोन्ही एकत्र आले की कुत्र्याची एक बाजू हळदीची आणि दुसरी शाईची दिसते.

राहिली खिडकी. आपल्या इंदूरशी या खिडकीच्या उजेडाचे जुने नाते आहे. राजा दीनदयाळ १८६६ मध्ये इथल्या बांधकाम खात्यात नोकरीला लागले, फोटोग्राफी त्यांनी इथेच सुरू केली आणि पुढे ते हैदराबादच्या निजामांचे छायाचित्रकार झाले. त्या काळी स्टुडिओत विजेचे दिवे नव्हते. मोठ्या काचा, काचेचे छत आणि पडदे यांवरच सगळा कारभार चाले. (आमचे शिक्षण हिंदीतून झाले, आम्हाला अजून 'रोशनी' हाच शब्द आधी सुचतो. मराठीच्या बाईंनी माफ करावे.)

थेट ऊन नको, उनाची सावली हवी. उत्तरेच्या खिडकीतून असा मऊ उजेड जवळजवळ वर्षभर मिळतो. इंदूर कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेला असल्यामुळे मे ते जुलै सकाळ-संध्याकाळ सूर्य उत्तरेकडे कलतो आणि त्या खिडकीतही ऊन शिरते. तेवढे दिवस पांढरा पातळ पडदा किंवा धुतलेले धोतर लावावे. पूर्वेची खिडकी असेल तर ऊन सरकल्यावर, दहा-अकराच्या सुमारास बसावे. कुत्र्याला खिडकीपासून दोन-तीन हातांवर ठेवावे. खोलीच्या आत जावे तसा उजेड भराभर कमी होतो. आपण खिडकीकडे पाठ करू नये, तिच्या बाजूला बसावे, म्हणजे उजेड त्याच्या तोंडावर तिरपा पडतो, केस मोजता येतात आणि डोळ्यात खिडकीचा छोटा चौकोन चमकतो. तो चौकोन नसला की डोळा निर्जीव दिसतो. अंधाऱ्या बाजूला कुणी पांढरी चादर धरून उभे राहिले तर तीही बाजू उजळते.

काळ्या कुत्र्याचा गोंधळ कॅमेऱ्याच्या समजुतीमुळे होतो. जे समोर आहे ते मध्यम करडे असणार असे तो धरून चालतो. काळ्यावर बोट टेकवले की तो काळूला करडा करतो आणि मागची भिंत पांढरीफटक. अशा वेळी पडद्यावरचे सूर्याचे चिन्ह थोडे खाली ओढावे. पांढऱ्या कुत्र्याला उलट, थोडे वर.

आता खरी अडचण. पहिल्या दिवशी आम्ही काळूला पट्ट्याने ओढून खिडकीशी आणले, चिरंजीवांनी मागून धरले, आणि आम्ही मोबाइल त्याच्या नाकाशी नेला. फोटोत नाक बटाट्याएवढे आले. काळूने दोनदा जांभई दिली, ओठ चाटले, मान फिरवली आणि पलंगाखाली गेला. आम्हाला वाटले, झोप आली असेल. कुत्रे घाबरले, अवघडले तरी असेच करते, हे मागाहून समजले. मुलांनो, ही खूण दिसली की फोटो थांबवायचा.

मग आम्ही त्याची नेहमीची गोधडी खिडकीखाली पसरली आणि चार दिवस काहीच केले नाही. पाचव्या दिवशी तो आपणहून तिथे येऊन पसरला. आम्ही चार-पाच हातांवर जमिनीवर पालथे झोपलो (गुडघ्यांचे हाल सांगत नाही), कॅमेरा त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवला आणि नाकावर नव्हे, डोळ्यावर बोट टेकवले. बसलेल्या कुत्र्यासाठी सेकंदाचा १/१२५ भाग पुरतो, मान हलवत असेल तर १/२५०, धावणाऱ्याला १/५०० किंवा त्याहून कमी वेळ लागतो. स्वयंपाकघरात डबा वाजला, त्याने कान टवकारले. चाळीसएक फोटोंतला एक निघाला. त्यात त्याच्या डोळ्यांवर आलेला निळसर धूसरपणा आहे, हनुवटीचे पांढरे केस आहेत, आणि लहानपणी मांजरीने ओरबाडलेली नाकावरची रेघसुद्धा आहे. सौभाग्यवतींनी तो छापून देव्हाऱ्याच्या शेजारच्या भिंतीवर लावला. जागेबद्दल आजींचे मत वेगळे आहे.

इयत्ता सातवी ते नववीच्या मुलांनी आपल्या घरच्या, किंवा शेजाऱ्यांची परवानगी घेऊन त्यांच्या कुत्र्याचा असा एक फोटो छापून महिनाअखेरपर्यंत वर्गशिक्षकांकडे द्यावा. मागे खिडकीची दिशा, वेळ आणि कुत्र्याचे वय लिहावे. ज्यांचे कुत्रे म्हातारे आहे, त्यांनी महिनाअखेरची वाट पाहू नये.