पुरळ एकीकडे, अशक्तपणा दुसरीकडे

भिवंडीत यंत्रमागासाठी कांड्या भरणाऱ्या माझ्या वहिनीच्या पापण्या जांभळट झाल्या, तेव्हा साऱ्या घराने सुताच्या रंगाला दोष दिला. मेडिकलमधून मलम आलं, पुरळ फिकं पडलं, सगळे निर्धास्त झाले. मलमात स्टेरॉइड होतं, हे कोणी वाचलंच नाही.

महिन्याभरात तिला वेणी घालायला हात वर नेता येईना. उकिडवं बसलं की भिंत धरून उठायची. "भाऊजी, फार दुखत नाही, पण अंगात जीवच नाही," म्हणायची. रक्त कमी आहे म्हणून इंजेक्शनं झाली. मग एसजीओटी-एसजीपीटी वाढलेलं दिसलं, कावीळ ठरली आणि झाडपाल्याचं औषध सुरू झालं. खरी चूक इथे झाली. ही द्रव्यं यकृतात असतात तशी स्नायूंतही असतात. स्नायूंना इजा झाली तरी रक्तात वाढतात. सीपीके ही रक्ताची साधी तपासणी तेव्हाच करून घेतली असती, तर पुढचे तीन महिने वाया गेले नसते.

त्वचेचे डॉक्टर वेगळे, अशक्तपणाचे वेगळे. दोन्ही तक्रारी एकाच डॉक्टरांपुढे एका दमात सांगितल्या, तेव्हा त्यांनी तिच्या बोटांच्या सांध्यांवरचे लालसर उंचवटे पाहिले आणि डर्मॅटोमायोसायटिस हे नाव पहिल्यांदा कानावर पडलं. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच स्नायूंवर आणि त्वचेवर उलटते, तो हा आजार.

'दंगल'मधली छोटी बबिता, सुहानी भटनागर, याच आजाराने फेब्रुवारी २०२४ मध्ये गेली. वय अवघं १९. हातावरच्या लाल डागांना तिच्याही घरी आधी ॲलर्जी समजले होते.

वहिनीच्या बाबतीत आणखी एक गुंतागुंत होती. गार पाण्यात बोटं पांढरी, मग निळी पडत. कातडी ताठ होऊ लागलेली. म्हणजे सोबत स्क्लेरोडर्माही. अशा जोडीला डॉक्टर 'ओव्हरलॅप' म्हणतात, आणि ते नुसतं नाव नव्हे. डर्मॅटोमायोसायटिसवर स्टेरॉइड देतात, पण स्क्लेरोडर्मात त्याचा डोस मोठा झाला तर रक्तदाब एकदम चढून मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. म्हणून बोटांचा रंग बदलतो, हे विचारलं नाही तरी सांगा. घरी रक्तदाब मोजत राहा. कोरडा खोकला, धाप किंवा घास अडकणं सुरू झालं तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका; फुप्फुसांचा सीटी स्कॅन लागू शकतो. मोठ्या वयात डर्मॅटोमायोसायटिस झाल्यास कधी कधी कर्करोग दडलेला असतो, तीही तपासणी होते.

भिवंडीहून कल्याण किंवा ठाणे गाठून लोकलने परळला जाता येतं. तिथल्या केईएममध्ये संधिवाताचा, म्हणजे ऱ्हुमॅटॉलॉजीचा विभाग आहे. जाताना जुनी मलमंही पिशवीत घ्या. बरं वाटलं म्हणून स्टेरॉइड मनाने बंद करू नका.

मेथोट्रेक्सेट हे औषध या आजारात आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. रोज घेतलं तर जिवावर बेततं. वहिनीच्या कालनिर्णयवर दर रविवारी पेनाने गोल केलेला असतो, आणि गोळी घेतली की त्यावर फुली पडते.